चोवीस आरे

२८ जुलै, सोमवार

आजपासून रोजनिशी. डायरी रिटायर झालो तेव्हा शेठनी दिलेली, २०१९ ची. वार जुळत नाहीत, तारखा जुळतात. माणसाला तारीख पुरते.

घरात मी एकटाच. म्हणजे तात्पुरता. नात शाळेत जायला लागली तेव्हा बायको मालती पंधरा दिवसांसाठी मुलाकडे, हितेशकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला कामरेजला गेली. त्याला चौदा महिने झाले. तिचं तिथं मन लागत नाही. फोन कमी करते त्यावरूनच कळतं. बोलायला लागली तर रडू येईल, म्हणून टाळत असणार.

संकल्प: यंदाचा पंधरा ऑगस्ट नवागामला, आपल्या घरी, सगळ्यांनी मिळून. झेंडा नातीच्या हातचा. दोरीही तीच ओढणार. एकदा मालती इथं आली की परत जायचं नाव काढणार नाही. हे कुणाला सांगायचं नाही.

२९ जुलै

काल खूप लिहिलं. आज विश्रांती.

३० जुलै, सकाळी ११

हितेशला फोन. मीटिंगमध्ये होता. सूनबाईला फोन. दीप्ती गाडी चालवत होती. मग मालतीला. उचलला. म्हणाली, "तुम्ही जेवनात का?" अकरा वाजता कोण जेवतं? काळजी दुसरं काय. पंधरा तारखेचा विषय काढला, तर "पाहूत" म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिचं "पाहूत" म्हणजे होच असतं.

मागून नातीचा आवाज आला, "दादानो फोन छे?" हे दादा प्रकरण नवीन आहे. आमच्याकडे दादा म्हणजे थोरला भाऊ. मी तिचा भाऊ आहे का? मला अख्खं नवागाम नाना म्हणतं. हितेशसुद्धा लहानपणापासून नानाच म्हणतो. नातीनं तोंडातून काढलेला पहिला शब्दही "नाना". मालती म्हणते, पोर दूध नको म्हणून "ना, ना" करत होती. मालतीला जळायला कारण लागत नाही.

नातीचं नाव हेतवी. आमच्या गावात असं नाव कुणी ऐकलं नसेल. मी हेतू म्हणतो.

१ ऑगस्ट, शुक्रवार

मोठी बातमी!

दीप्तीनं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. हेतूच्या हातात एक कार्ड. चौदा तारखेला सकाळी दहाला शाळेत झेंडे बनवण्याचा कार्यक्रम. प्रत्येक मुलानं घरातलं एक मोठं माणूस आणायचं, कोणाला आणायचं ते मुलानं स्वतः लिहायचं. हेतूनं गुजरातीत लिहिलंय. गुजराती म्हणजे आपलीच लिपी, डोक्यावरची रेघ काढलेली. मला फडाफडा वाचता येते. लिहिलं होतं, "मारी साथे: नाना."

आई नाही, बाप नाही, तिच्या मागे चौदा महिने धावणारी आजी नाही. नाना.

डोळ्यांत पाणी आलं. मिरची चिरत होतो, त्याचंही असेल.

ग्रुपवर लगेच लिहिलं, "जरूर येणार. नानाकडून आशीर्वाद." सोबत तीन झेंडे, एक गुलाब.

२ ऑगस्ट

माझ्या मेसेजला दोन टिका आहेत, निळ्या झाल्या नाहीत. रोजच्या सुप्रभातलाही असंच होतं. कामरेजला नेटवर्कचा त्रास दिसतो.

प्लॅन: चौदाला शाळा. हेतूबरोबर झेंडा. तिथूनच मालती, हेतू आणि झेंडा घेऊन नवागामला. हितेश-दीप्ती पंधराला सकाळी येतील. नाश्ता तिरंगी. फोनवर काही बोलायचं नाही, सरप्राइज.

४ ऑगस्ट

कापड आणायला उधन्याला जुन्या कारखान्यावर गेलो. एकोणचाळीस वर्षं घडी खात्यात काढली. कापडाचा ताका नुसता बोटांत धरला तरी उलटी बाजू कुठली, सुलटी कुठली सांगतो. वॉचमन नवीन होता. कोणाकडे जायचंय म्हणाला. म्हटलं, वाल्मिकनाना आलेत सांग. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "ऐसा कोई नहीं है इधर." अरे बाबा, तो मीच.

शिस्त कडक केलीय कारखान्यात. चांगलं आहे.

येताना शिंप्याकडून तीन रंगांच्या चिंध्या आणल्या. शेजारचा उखा दारातच बसला होता. म्हणे, "नाना, इतलं कापड कसाले?" म्हटलं, शाळेनं बोलावलंय, झेंड्याचं शिकवायला. थोडं वाढवून सांगितलं. एवढं चालतं.

५ ऑगस्ट

अशोकचक्र. चोवीस आरे. मालतीची एक बांगडी इथं राहिलीय, ती ठेवून गोल काढला. (बांगडी राहिली म्हणजे माणूस परत येणार, हे उघड आहे.) आरे मोजले. एकवीस.

दुसरं चक्र: सव्वीस. तिसरं: तेवीस. चष्म्याचा नंबर बदलला असावा.

६ ऑगस्ट

तेवीस. तेवीस. पंचवीस. तेवीस.

७ ऑगस्ट

डोकं लावलं. आपण घडीवाले, पेन्सिल कशाला? कागदाचा गोल कापून घडी घालायची, उघडायचा, मोडीवर रेघा मारायच्या. अर्धा, परत अर्धा, परत, परत. सोळा. अजून एक घडी. बत्तीस. एकोणचाळीस वर्षं घड्या घातल्या आणि चोवीस काही घडीत बसेना.

उखा खिडकीतून बघून गेला. म्हणाला, वयात असं होतं.

८ ऑगस्ट, दुपारी

सापडलं! आधी अर्धा. मग त्या अर्ध्याचे तीन सारखे भाग. मग अर्धं. परत अर्धं. उघडलं. मोजले. चोवीस! परत मोजले. चोवीस!

घरात नुसता टाळ्या वाजवत उभा राहिलो. सांगायला कुणी नव्हतं. उखा झोपला होता. मालतीला फोन लावला, तिनं उचलला नाही. बरंच झालं, सरप्राइज फुटलं असतं.

हे हेतूला शिकवणार. पैसाअडका, सोनंनाणं आजोबाकडे नाही. पण हे शिकली की जन्मभर विसरणार नाही. तिच्या नातवंडांना सांगेल, मला माझ्या नानांनी शिकवलं.

१० ऑगस्ट, रविवार

काल राखी. बहीण गावाकडे, राखी पोस्टानं येते. आली नाही. पोस्टाचं काही खरं नाही.

तिरंगी नाश्त्याची रंगीत तालीम. मध्ये पांढरा भात, खाली पालक घालून हिरवा, वर केशरी. गाजर मिळालं नाही म्हणून तिखट घातलं. ते लाल झालं. पालक करपून काळा. लाल, पांढरा, काळा. कुठल्या तरी देशाचा असेल, आपला नाही. तरी सगळं खाल्लं. दोन वेळा पुरलं.

निर्णय: नाश्ता मालती करेल. तिलाही काहीतरी काम हवं.

११ ऑगस्ट

घर साफ. मालतीची गादी उन्हात टाकली. हेतूसाठी झेंड्याच्या काठीच्या खालच्या कडीला आखूड दोरी बांधली, तिच्या उंचीच्या मापानं. माप गेल्या दिवाळीचं आहे. चार बोटं वर घेतली.

गल्लीत सांगून टाकलं की पंधराला आमच्याकडे झेंडावंदन. नात दोरी ओढणार. उखानं विचारलं, "नात यी ऱ्हायनी का?" म्हटलं, येणार म्हणजे काय, तिनंच तर बोलावलंय.

१२ ऑगस्ट

हितेशचा फोन! स्वतःहून! गॅसच्या बुकिंगचा ओटीपी माझ्या मोबाइलवर आला होता, तो हवा होता. दिला. म्हटलं, चौदाला भेटू. तो म्हणाला, "हं हं, चला नाना, ठेवतो." बापाला नाना म्हणतो, किती गोड वाटतं. पोरगा बिझी आहे, प्रगती आहे.

१३ ऑगस्ट

पिशवी तयार. तीन रंगांचं कापड, कातरी, गोंद, बांगडी, घडी घातलेले सहा गोल. एखादा फाटला तर. पांढरा शर्ट इस्त्री करून आणला. दाढी उद्या सकाळी, ताजी.

१४ ऑगस्ट, गुरुवार, दुपारी ३

दोन बस बदलून पावणेदहाला कामरेज. शाळेच्या गेटवर बाई यादी घेऊन उभ्या. मी म्हटलं, हेतवीना नाना. गुजराती माझं अस्खलित आहे. बाईंनी यादी बघितली आणि म्हणाल्या, "हेतवीना नाना तो आवी गया, काका. अंदर बेठा छे."

मी हसलो. म्हटलं, मी इथं उभा आहे तर आत कोण बसेल?

खिडकीतून पाहिलं. छोट्याशा खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन मगनभाई बसले होते. दीप्तीचे वडील. तिथंच दोन गल्ल्या सोडून राहतात, हेतूला रोज स्कूटरवर शाळेत सोडतात.

नाना म्हणजे आईचा बाप, बापाचा बाप तो दादा. गुजरातीत तसंच आहे. हिंदीतही. एकोणचाळीस वर्षं उधन्यात काढली, मला काय माहीत नाही? माहीत होतं. आपल्या नावाला ते लावून बघायचं सुचलं नाही, एवढंच.

हेतूनं मला पाहिलं आणि पळत आली. "दादा! तमे केम आव्या?" तुम्ही का आलात म्हणून. पोर आहे, सहज विचारलं. बाईंना म्हणाली, "आ मारा नवागामवाळा दादा." पत्त्यावरून ओळख सांगितली, कुरियरसारखी.

मगनभाई उठले. माणूस वाईट नाही. "वाल्मिकभाई, बेसो ने, आवो," म्हणून स्वतःची खुर्ची द्यायला लागले. मी म्हटलं, नाही नाही, कामरेजला जरा काम होतं, जाता जाता डोकावलो. कामरेजला मला काय काम असणार? त्यांनाही कळलं असेल. त्यांच्या टेबलावर चक्राचे तयार स्टिकर होते. घडी घालायचा प्रश्नच नव्हता.

पिशवी उघडली नाही.

मग हितेशच्या सोसायटीपर्यंत गेलो. मालती वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. शेजारणीशी गुजरातीत बोलत होती. मालती, गुजरातीत! आणि हसत होती. तोंडाला पदर लावून, लग्न होऊन नवीन आली होती तेव्हा हसायची तशी. दहा वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

वर "तिचं तिथं मन लागत नाही" असं लिहिलंय. ते पान काढून टाकायचं.

वर गेलो नाही. बसची वेळ झाली होती. बस अर्ध्या तासानं आली.

वाईट वाटलं. लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

१४ ऑगस्ट, संध्याकाळी ६

ग्रुपवर फोटो. हेतू, मगनभाई, झेंडा. मोठा करून बघितला. स्टिकरवरचे आरे मोजले. चोवीस. छापील असतात, बरोबरच येणार.

"छान" असं लिहिलं. खाली नाना लिहिलं, खोडलं. नुसतं छान पाठवलं. लगेच निळ्या टिका. नेटवर्क सुधारलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी सातला मालतीचा फोन. हेतूनं सांगितलं असणार. "शाळामा येल व्हतात म्हने, घर का बरं नई उनात?" म्हटलं, घरी आलो असतो तर बस चुकली असती. ती म्हणाली, एकटे कशाला राहता, इकडेच या राहायला, हेतूच्या खोलीत जागा आहे. पटकन हो तोंडात आलं होतं. पण तिथं मी कोण? नवागामवाळा दादा, तोही नवागाम सोडलेला. आणि गल्लीचं झेंडावंदन कोण बघणार? म्हटलं, पाहूत.

तिला कळलं असेल. माझं "पाहूत" म्हणजे नाहीच असतं.

पान फाडायला घेतलं होतं. फाडलं नाही. मागच्या बाजूला संकल्प आहे.

आठला झेंडावंदन. झेंडा मीच शिवला, चक्र घडीचं. दोरी फार खाली बांधली गेली होती, वाकून ओढावी लागली. कंबरेत उसण भरली. गल्ली जमली होती. "नाना, नात कथी शे?" म्हटलं, तिच्या शाळेत कार्यक्रम आहे, तिच्याशिवाय अडतं तिथं. मग नाना, साखर घ्या. नाना, फोटो काढा. नाना, खुर्ची घ्या.

दिवसभर बाहेरच बसलो. किती वेळा नाना म्हणाले, ते मोजलं.

तेवीस.

अंधार पडेपर्यंत बसलो, अजून कुणी हाक मारतंय का बघायला. मग घरात येऊन परत आठवून मोजलं. तेवीसच.