आल्वाच्या सासरची माणसं

स्टॉकहोम,
१९ ऑगस्ट

प्रिय गुनहिल्डताई,

तुझा मुरंबा पोचला. गुडघा बरा आहे ना? इथे वारा सुटलाय, बाकी ठीक. यंदा पाहुणे भरपूर, शहर दाखवून दाखवून घसा बसलाय.

आल्वा भेटली. म्हणजे, भेटली असंच म्हणायचं.

मंगळवारी ऑफिसनं लिस्बनचं एक कुटुंब दिलं, दुआर्ते नावाच्या मुलानं नोंदवलेलं. राजवाड्यापाशी गेले तर त्याचे आईवडील, तो आणि त्याच्या शेजारी आपली आल्वा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं हात पुढे केला. इंग्रजीत म्हणाली, "मी आल्वा. दुआर्तेशी माझं लग्न ठरलंय. तुम्हीच ना आमच्या गाईड?"

मी हात मिळवला. दुसरं काय करणार होते?

जुन्या गल्ल्यांतून नेलं त्यांना. काय बोलले कोण जाणे. बहुतेक एका राजाला दुसऱ्याच्या गादीवर बसवलं. दुआर्तेची आई, ग्रासाबाई, माझ्या बरोबरीनं चालत होत्या. हळूच म्हणाल्या, "पोरीला आज जड जात असेल. तिचं गाव ना हे. दोन वर्षांपूर्वी आई वारली बिचारीची."

दोन वर्षं. म्हणजे आमचं बोलणं बंद झालं तेव्हापासून. मी म्हटलं, "अरेरे." ताई, स्वतःसाठीच अरेरे म्हटलं गं मी.

पुढे बोटीत ग्रासाबाईंनी विचारलं, "तुम्हाला मुलंबाळं?"

"एक मुलगी आहे. परदेशात असते."

आल्वा पाण्याकडे बघत बसली होती.

धक्क्यावर निरोप झाला, मंडळी वळली. आल्वा तेवढी परत आली, माझ्या कोटाची बटणं लावायला लागली आणि आपल्या भाषेत चांगलं मोठ्यानं म्हणाली, "मम्मा, वारा बाधेल." बाकीचं त्यांना कळलं नसेल, पण मम्मा कळलं. ग्रासाबाई माझ्याकडे बघत राहिल्या, दुआर्ते आल्वाकडे. मी म्हटलं, "ट्राम त्या बाजूला मिळेल," आणि चालू लागले.

तेव्हापासून तिचा फोन नाही. मला बघायलाच आली होती की योगायोग? तोंडातून निसटलं की मुद्दाम म्हणाली? रडावं म्हणून बसते तर हसू येतं. माझं मलाच कळेनासं झालंय.

आत्ताच ऑफिसचा निरोप आला. उद्यासाठी ग्रासाबाईंनी पुन्हा मलाच मागितलंय. एकट्या येणार आहेत. त्यांना काय दाखवू, ताई?

तुझी, अजून हयात असलेली,
मायब्रिट