उगवतीची आणि मावळतीची साल

मी, स्कोलास्टिका बीह, वय एकसष्ट, राहणार ओकू, मिशनच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. सोमवारी माझं ऑपरेशन आहे. त्याआधी, शुक्रवारी, माझ्या मुलाने, फोमिनने, ठरवलेला झाडाची साल न्यायचा ट्रक दारात येणार आहे. म्हणून ही घाई.

१. घर, मक्याचं शेत आणि मधमाश्यांची पोळी माझा मुलगा फोमिन याला.

२. शाळा सोडताना सिस्टर मोनिकांनी दिलेली जपमाळ माझी भाची येन्सी हिला. एक मणी कमी आहे. तो तिनेच लहानपणी गिळला होता.

३. घरामागचं औषधी सालीचं झाड फोमिनला मिळणार नाही. तो म्हणतो, "आई, चारी बाजूंनी सोललं की एका दमात ट्रक भरतो. झाड काय रडणार आहे?" रडत नाही, शेंड्यापासून वाळत येतं. माझे वडील फक्त उगवतीची आणि मावळतीची साल काढत. उरलेल्या दोन बाजूंना कित्येक वर्षं हात लावत नसत. झाड येन्सीला, आणि मी जिवंत असले तरी आजपासूनच. शुक्रवारी तिने झाडापाशी उभं राहावं.

४. अट एकच. या सालीच्या काढ्याने म्हाताऱ्या पुरुषांचं सारखं लघवीला उठणं थोडं कमी होतं, इतकंच. लघवी तुंबली किंवा रक्त दिसलं, तर काढा द्यायचा नाही. त्याच दिवशी दवाखाना. हे तिने दारावर लिहून लावावं.

याचं कारण आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझा धाकटा भाऊ लिनस, येन्सीचा बाप, पोट धरून माझ्याकडे आला होता. "ताई, थेंब उतरत नाही गं. दवाखान्यात पोरी नळी घालतात म्हणे. त्यापेक्षा तुझा काढा दे." मी हसले आणि दिला. तीन दिवस पाजला. गुण येईना, तसा जास्त दाट केला. चौथ्या दिवशी तो गेला. गावाला मी सांगितलं, लिनस उशिरा आला. बारा वर्षं सगळे तेच सांगतात. तो वेळेवर आला होता. उशीर मी केला.

५. हे ऐकून येन्सीला झाड नकोसं झालं, तर तिने ते तोडावं. कोणी अडवू नये. मात्र गोल सोलून उभ्या उभ्या मारू नये.

ओकू, बुधवार, ९ मार्च २०१६
सही: स्कोलास्टिका बीह

साक्षीदार:
१. फ्लोरा न्गम, नर्स (सही)
२. अगाथा, लिनसची विधवा (डाव्या हाताचा अंगठा)

अगाथाबाईंनी सांगितलं तसं फ्लोराने लिहिलं: "सगळं फ्लोराकडून वाचून घेतलं. अंगठा दिला. माफीचं, वन्सं, तुम्ही परत आल्यावर बघू."