नमुन्यातला खड्डा

६ ऑक्टो. २००३, सोम. जालना

कॅमच्या वाटेत त्या एकाच जागी खड्डा का ठेवला असेल? मला माहीत नाही. चार वर्षं परभणीला शेती अभियांत्रिकी शिकले, घरातली पहिली पदवी, वर्गात तिसरी. तरी माहीत नाही.

शेठजींना विचारलं. "फॉरेनवाले येडे हैं क्या? रखा है तो सोच के रखा होगा." करीमचाचांना विचारलं. तीस वर्षं मिस्त्री आहेत, थ्रेशर नुसत्या आवाजावरून ओळखतात. त्यांनी खड्ड्यावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं. "तुम नापो, मॅडम." बस्स.

यंत्र भंगारात आलं. रोलिंग मिलसाठी बंदरावरून जो माल येतो त्यात होतं, भट्टीत जायच्या आधी शेठजींनी नमुना म्हणून उचललं, तसंच बनवून विकायला. वाळलेलं गवत गोळा करून ओळीत लावायचं यंत्र. मधे गोल डोकं, त्याला छत्रीच्या काड्यांसारखे आठ हात, प्रत्येक हाताला तारेचे लांब दात. ट्रॅक्टरवर गरगर फिरतं. डोक्याच्या आत एक न फिरणारी बिडाची थाळी आहे, तिच्यात कोरलेली वाट. तो कॅम. प्रत्येक हाताचं छोटं चाक त्या वाटेवरून पळतं. वाट उतरली की दात जमिनीशी येऊन गवत ओढतात, वाट चढली की दात उचलले जातात आणि गवत ओळीत राहतं. इतकं देखणं काही मी पुस्तकातही पाहिलं नव्हतं.

कारखान्यात त्याला 'छत्री' म्हणतात. कालच्या दसऱ्याचा झेंडूचा हार अजून त्याच्या गळ्यात. हार घालायला सगळे होते. ग्रीस पुसायला कोणी नाही.

९ ऑक्टो.

कॅमचं ड्रॉइंग पूर्ण. दर दोन अंशांना व्हर्नियर लावून माप घेतलं. खड्डा साडेतीन मि.मी. खोल, बरोबर दात खाली टेकतात त्या जागी. कारण सुचलं असं वाटतंय: तिथं दात जरा जास्त खाली जाऊन गवताचा बुडखा उचलत असणार. पानभर टिपण लिहून ड्रॉ.ला जोडलं. शेठजींनी न वाचता सही केली. वाचलं असतं तरी काय.

'रेखाटन' या शब्दापुढे नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट.

विक्री बघणारे पाटील येऊन उभे राहिले. "मॅडम, लाल मारायचा का पिवळा? मशीन रंगावर इकती." अकरा वर्षं शेतीची अवजारं विकतायत. बुटाला माती लागलेली मी एकदाही पाहिली नाही.

१८ ऑक्टो., शनि.

फाउंड्रीतून पहिला ओतीव कॅम आला. खड्डा जसाच्या तसा. नवं यंत्र उभं राहिलं, रंग पिवळा. तीर्थपुरीकडच्या दूध सोसायटीचे चेअरमन बघायला आले, त्यांचं स्वतःचं मोठं कुरण आहे. पाटलांनी झाकण उघडून खड्ड्यावर बोट ठेवलं. "हा फॉरेन कट. दुसऱ्या कुणाच्या मशीनला मिळणार न्हाई." चेअरमननी मान अशी हलवली जणू आयुष्यभर फॉरेन कटच शोधत होते. घेतलं.

दुपारी आण्णा आले आष्टीहून, शेंगांची पिशवी घेऊन. न कळवता. चपला शेडच्या बाहेर काढल्या. मी म्हटलं, आण्णा, पायाला पत्रा लागेल, घाला. ऐकलं नाही.

"हे तू केलं, माय?"

"कागदावर केलं, आण्णा."

"मंग कागदावरच तर असतंय सगळं."

आणि यंत्राला हात जोडले. पाटील हसू दाबत होते. मला आण्णांचा राग आला, मग माझाच. जाताना म्हणाले, गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय. काय सांगितलं ते विचारलं नाही.

५ नोव्हें., बुध.

ट्रायल. कुरणावर मांडव, खुर्च्या, चेअरमनना फेटा. गवतासाठी यंत्र, पण यंत्रासाठी माणसं.

ट्रॅक्टरवाल्याला मी तीनदा सांगितलं, हळू. पाटलांनी एकदा सांगितलं, "दाब!" त्यानं दाबलं. धुरळा उठला, टाळ्या पडल्या. "हवाच केली राव!" हे चेअरमन. ओळ कशी पडली ते बघायला एकही पुरुष खुर्चीतून उठला नाही.

गवत कापणाऱ्या बाया बांधावर बसल्या होत्या. त्यांतली एक गयाबाई, सोसायटीच्या गोठ्यातही तीच काम करते. कमरेला विळा खोचलेला. उठून ओळीच्या कडेनं चालत गेली आणि तिथूनच ओरडली,

"ओ मॅडम, तुमची छत्री गवत गोळा करती का टोकण करती?"

बाया हसल्या. मी मनात म्हटलं, अडाणी. मग गेले.

जमिनीत भोकं. वीत-वीतभर अंतरावर, सरळ रेघेत, खरंच सरकी टोकल्यासारखी. सगळी एकाच बाजूला, दात टेकतात तिथं. ओळीतल्या गवतात ढेकळं. आणि तिसऱ्या हाताचा एक दात अर्ध्यातून तुटलेला.

तुकड्याचे दोन भाग झाले होते. एक सापडला. दुसरा, तीन बोटांएवढा, नाही. दिवस मावळेपर्यंत बायांबरोबर गवत झाडत होते. पाटील म्हणाले, "मॅडम, एका तारेसाठी इतकं? गाडीत बसा जल्दी." चेअरमननी गवत गंजीला लावायला सांगितलं. लागलं.

गयाबाई: "ताई, म्हशीला तार अन् काडी कळत न्हाई. गिळती. मागं एक आमची अशीच गेल्ती. चारा सोडला, कण्हत उभी राह्यची. मंग बसली ती बसलीच."

६ नोव्हें.

सातला कारखान्यात. कुलूप उघडायच्या आधी पोचले होते. भंगारातलं मूळ यंत्र पूर्ण खोललं, कॅम रॉकेलनं धुतला. तीनदा धुतला. मी त्याला ग्रीससकट मोजलं होतं.

वाटेवर सगळीकडे मशीनिंगच्या बारीक रेघा आहेत, वर्तुळात, नियमित. खड्ड्यात एकही नाही. खड्डा आरशासारखा गुळगुळीत. कडेला धातू दबून बाहेर आलाय.

झीज आहे. चाक दर फेरीला वरून येऊन तिथं आदळायचं. वर्षानुवर्षं आदळलं आणि खड्डा पडला. खड्ड्यामुळं दात जमिनीत घुसायला लागले, तुटायला लागले, म्हणून कुठल्यातरी शेतकऱ्यानं यंत्र भंगारात दिलं. ते भंगारात का आलं असेल, हा प्रश्न आम्हा कुणालाच पडला नाही. बिघाड होता तोच आम्ही मोजून, ओतून, पिवळा रंग देऊन विकला.

आणि मोजला मी. साडेतीन मि.मी. वर पानभर कारणं. बुडखा उचलतो म्हणे. ते टिपण आज वाचलं. भाषा चांगली आहे.

७ नोव्हें., शुक्र.

करीमचाचांचा रोजा, म्हणून दुपारी सावलीत एकटेच बसले होते. कॅम नेऊन समोर ठेवला.

"चाचा, ये घिसा हुआ है."

"हौ."

"आपको मालूम था?"

"पहिलेच दिन."

"तो बोले कायकू नहीं?"

"तुम कालेज से आये. वो कांटे वाली पट्टी से दो-दो दिन नापे. मैं बोला, घिसा हुआ है तो इतना कायकू नापेंगे? कुछ सोच के ही नाप रहे होंगे."

म्हणजे चाचांनी माझ्यावर सोडलं, मी परदेशातल्या माणसांवर, शेठजींनी नमुन्यावर. प्रत्येकानं आपल्यापेक्षा शहाणा कुणीतरी धरला आणि विचार करणं त्याच्यावर टाकलं. चाचांचा राग करावा म्हटलं तर होत नाही. त्यांनी निदान अंगठा फिरवला होता.

८ नोव्हें.

शेठजींना सगळं सांगितलं. कॅम दाखवला, रेघा दाखवल्या. त्यांना कळायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मूर्ख माणूस नाही. मूर्ख असता तर बरं होतं.

म्हटलं, लाकडी साच्यात खड्ड्याच्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, तासाभराचं काम. नवा कॅम ओतून सोसायटीचा बदलून द्यायचा. आणि गंजी उकलून तो तुकडा शोधायचा.

"बेटा, ग्राहकानं नमुना बघून घेतलं. नमुन्याबरहुकूम दिलं. जसं आहे तसं दिलं तर चूक नमुन्याची. बदललं तर चूक आपली."

"दात तुटतायत, शेठजी."

"सीझननंतर बघू."

पाटील तिथंच होते. "उलट बरं आहे की. सुटे दात काढू. तुटले की पुन्हा आपल्याकडंच येतील."

आणि शेठजी अगदी मायेनं: "ड्रॉईंग तुझं आहे ना? नाव आहे खाली. जास्त बोलू नको बाहेर."

मायेनंच म्हणाले. ते जास्त लागलं.

११ नोव्हें., मंगळ.

आणखी दहा कॅमची ऑर्डर फाउंड्रीला गेली. त्याच साच्यावरून. माहितीपत्रक छापून आलं, त्यात मोठ्या अक्षरात 'फॉरेन कट'. फोटोत यंत्राशेजारी मी. पाटलांनी कधी काढला कोण जाणे. हातात व्हर्नियर, चेहऱ्यावर विद्वत्ता.

आष्टीला फोन केला, शेजारच्या दुकानात. आई आली. सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. आई म्हणाली, "नोकरी हाय ना बराबर?" हो म्हटलं. "मंग झालं. तब्येत सांभाळ." आईला दोष नाही. घरात माझ्यानंतर शिकणारे दोघं आहेत.

१३ नोव्हें.

जेवणाच्या सुट्टीत साच्याचा विषय फाउंड्रीवाल्याकडे काढला. "शेठ सांगतील तसं." पाण्याची टाकी भरायची का विचारलं तरी हाच माणूस हेच म्हणेल.

सोसायटीची उरलेली कापणी सोमवारपासून. छत्री दिवसभर चालणार. किती दात तुटतील याचा हिशोब करायला बसले आणि पेन्सिल ठेवून दिली. हिशोब करणं हे माझं लपायचं ठिकाण झालंय.

१५ नोव्हें., शनि.

रजा टाकली, कारण 'घरगुती'. सकाळी चाचांकडे बोल्ट खोलायचे पाने मागितले. त्यांनी पिशवीत नीट गुंडाळून दिले आणि म्हणाले, "मैं कुछ देखा नहीं." एवढंच धैर्य. पण पाने सगळे बरोबर मापाचे निघाले, एकही जास्तीचा नाही, म्हणजे कशाला हवेत ते न सांगता कळलं होतं.

अंबडवरून तीर्थपुरी, पुढे चालत. सोसायटीच्या दारात चेअरमन लग्नाला निघालेले, इस्त्रीचे कपडे. "कंपनीनं पाठवलं का?" "नाही, मी आलेय. यंत्रात दोष आहे, ते बंद करायचंय." "हां हां, करा करा," म्हणत गाडीत बसले. बाई बोलत असली की अर्धं वाक्य ऐकायचं, हा त्यांचा नियम असावा.

गयाबाई शेण भरत होती. हात धुऊन आली. आठही हात सोडवताना तिनं खालून धरले.

"ताई, आता हे काढल्यावर फिरंल का?"

"न्हाई फिरणार."

"मंग सोमवारी आम्हीच गोळा करायचं."

"हो."

"बरं झालं म्हणावं का वाईट झालं?" आणि हसली. रोजंदारी बुडाली असती तिची, छत्री चालली असती तर. हे मला महिनाभरात एकदाही सुचलं नव्हतं. मी म्हशींपर्यंतच पोचले होते.

तीन तास लागले. बोल्ट डब्यात मोजून ठेवले, झाकण परत लावलं. मग ऑफिसात बसून कागदावर लिहिलं:

'यंत्र चालवू नये. कॅम मी काढून नेत आहे, दुरुस्त नवा मिळाल्यावरच बसवावा. ज्या नमुन्यावरून तो केला तो नमुना झिजलेला होता. ड्रॉइंग माझं आहे आणि झीज मला ओळखता आली नाही. ५ तारखेला तुटलेल्या दाताचा एक तुकडा गंजीत आहे. सापडेपर्यंत त्या गंजीतली वैरण हातानं झाडून मगच जनावरांना घालावी.'

खाली पूर्ण नाव. कारकुनाकडून पोच घेतली. त्यानं शिक्का मारला, वाचलं नाही. म्हणून मग गोठ्यात जाऊन गयाबाईला आणि धारा काढणाऱ्या दोघींना तोंडी सांगितलं, तीन बोटं धरून तुकडा केवढा ते दाखवलं. त्यांनी ऐकलं. एकीनं लगेच गव्हाणीतलं गवत उपसून झाडायला घेतलं.

कॅम पोत्यात घातला. एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "काय हाय एवढं जड?" बीड आहे म्हटलं. लगेजचं तिकीट फाडलं.

याच मजकुराच्या दोन प्रती मी काल रात्रीच लिहून ठेवल्या होत्या. एक शेठजींना. दुसरी माहितीपत्रक बघून ज्यांनी यंत्र मागवलंय त्या अंबडच्या गृहस्थांना, पत्ता पाटलांच्या टेबलावर उघडाच पडलेला असतो. जालन्याला उतरल्यावर स्टँडसमोरच्या पेटीशी उभी राहिले. आण्णांनी यंत्राला हात जोडले होते ते आठवलं. पाकिटांवर तिकिटं लावली आहेत का पुन्हा पाहिलं. पावणेपाचला दोन्ही आत टाकली.

पेटीतलं टपाल काढायची वेळ पाचची. आत्ता सहा वाजून गेलेत.