तुझ्या घरातला राउटर

प्रिय घाईबाई,

सासूने सुनेला पत्र लिहावं आणि तेही तिच्या बहिणीच्या पत्त्यावर पाठवावं, याचं तुला नवल वाटलं असेल. पण हे फोनवर बोलता येणार नाही आणि मेसेजही करता येणार नाही, कारण माझा फोन तुझ्या नवऱ्यानेच सुरू करून दिलाय आणि त्यात काय काय घालून ठेवलंय ते मला कळत नाही. सकाळपासून लिहायला बसते आणि उठते. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, परत घातल्या. कुंड्यांना पाणी घालून आले, तर माती आधीच ओली होती. तो कामावर गेलाय तरी दाराला आतून कडी लावलीय. स्वतःच्याच घरात चोरी करत असल्यासारखं वाटतंय.

तुम्ही वेगळे झालात आणि तो बॅगा घेऊन माझ्याकडे राहायला आला, तेव्हा मी फार काही विचारलं नाही. तू सांगितलं होतंस तेवढं मला पुरेसं होतं, आणि त्याने सांगितलं त्यावर माझा विश्वास बसला नव्हता. पण मग हळूहळू जेवताना तुझा विषय निघायला लागला. आज ती उशिरा घरी आली. आज पिटुकली शाळेत गेली नाही, बरं नसेल. काल तिची मैत्रीण राहायला होती. खरं सांगते, मला आनंद व्हायचा. वाटायचं, म्हणजे तुमचं बोलणं सुरू आहे, रुसवा उतरतोय. मी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढायची आणि मनातल्या मनात तुझी जुनी खोली झाडून ठेवायची. तुला फोन केला की मुद्दाम काही विचारायची नाही, उगीच नजर लागायला नको म्हणून.

मागच्या आठवड्यात तू फोनवर चिडलेली होतीस. इंटरनेट सारखं जातंय, ऑफिसची मीटिंग चालू असतानाच जातंय, साहेबांनी शेवटची ताकीद दिलीय, आणि कंपनीचा माणूस येऊन म्हणतो लाइन तर ठणठणीत आहे. मी म्हटलं, वायर सैल असेल. त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही चहाला बसलो होतो. त्याचा फोन टेबलावर होता आणि माझा चष्मा नेमका डोळ्यावर होता. पडद्यावर एक यादी होती. त्यात तुझं नाव, तुझ्या लॅपटॉपचं नाव, पिटुकलीचा टॅब, आणि खाली कुणाचा तरी नवा फोन. तो म्हणाला, “आज कुणीतरी आलंय वाटतं तिच्याकडे.” मग त्याने अंगठ्याने काहीतरी दाबलं, फोन पालथा ठेवला आणि बिस्किट चहात बुडवलं. थोड्या वेळाने पिटुकलीचा मला फोन आला. आजी, माझं कार्टून बंद पडलं, आईने तुला सांगायला सांगितलंय की परत नेट गेलं.

त्याने फोन वाजताना ऐकला होता, माझ्याकडे बघितलंही, आणि दुसरं बिस्किट उचललं.

तुला माहीत आहे मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये किती वर्षं काढली. ट्रंक कॉल जोडून द्यायचे आणि बाजूला व्हायचं, एवढंच काम. कान तर तिथेच असायचे. एक खटका दाबला की सगळं ऐकू यायचं, नवरा-बायकोची भांडणं, मरणाच्या बातम्या, लाडीगोडी. आमच्यातल्या एकीला तो नाद लागला होता. एका डॉक्टरांच्या घरचे कॉल ती रोज ऐकायची आणि डब्याच्या सुट्टीत आम्हाला रंगवून सांगायची. आम्ही हसायचो. मग एक दिवस त्या डॉक्टरांची बायको स्वतः एक्स्चेंजमध्ये आली. नुसती दारात उभी राहून आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहिली. त्यानंतर त्या मैत्रिणीशेजारच्या बोर्डावर बसायला मला नको वाटायचं. चहाच्या टेबलावर मुलाच्या समोर बसताना मला अगदी तसंच झालं.

मी गप्प बसले नाही. दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं की हे काय आहे. तो आधी हसला. म्हणाला, “आई, तो राउटर मीच बसवलाय, कनेक्शन माझ्या नावावर आहे. मी फक्त काळजी घेतो.” मी म्हटलं, काळजी वाटत असेल तर फोन करून विचार, कशी आहेस म्हणून. तर म्हणाला, विचारलं तर ती खोटं सांगते, यात खोटं बोलता येत नाही. आणि मग अगदी शांतपणे, “तिला काही सांगत बसू नकोस. तुला यातलं कळत नाही.” लहानपणी माझी संध्याकाळची पाळी असली की शेजाऱ्यांच्या फोनवरून हा एक्स्चेंजला फोन लावायचा. बोलायचा काही नाही, मी हॅलो म्हटलं की ठेवून द्यायचा. मी जागेवर आहे ना, एवढंच बघायचं असायचं त्याला. तेव्हा सगळ्या जणी त्याचं कौतुक करायच्या, मीसुद्धा.

यातलं कळत नाही म्हणाला, म्हणून मी कळून घ्यायला गेले. बाजाराच्या मागच्या गल्लीत संगणक दुरुस्त करणारी एक बाई आहे, तिच्याकडे आमचा राउटर पिशवीत घालून नेला. घरी सांगितलं, दिवा लागत नाही. तिला मी एका ओळखीच्या मुलीची गोष्ट म्हणून सगळं सांगितलं. तिने मान खाली घालूनच ऐकलं आणि शेवटी विचारलं, “मुलगी तुमची की सून?” मी सून म्हटल्यावर तिने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि मला सगळं शिकवलं, माझ्याकडून करूनही घेतलं. इकडचा राउटर आता माझ्या ताब्यात आहे.

तर ऐक, आणि या एका बाबतीत तरी घाई करू नकोस. आधी काहीही बदलायचं नाही. लॅपटॉप वायरने राउटरला जोड आणि त्याच्या सेटिंगचं पान उघड. त्या पानाचा पत्ता राउटरच्या पोटाखालच्या चिकटपट्टीवर असतो. पासवर्ड त्याने बदलला असेल तर पान उघडणार नाही, मग तेवढ्याचाच फोटो घे. उघडलं, तर राउटर बाहेरून, म्हणजे दुसऱ्या घरी बसून फोनवर चालवायची सोय चालू दिसेल, कुठलं खातं जोडलंय ते दिसेल, नेट केव्हा कुणी बंद केलं त्याची नोंदही दिसेल. त्या सगळ्याचे फोटो काढ आणि तुझ्या बहिणीजवळ ठेव, कारण पुढे सगळं पुसलं जाणार आहे. कनेक्शन त्याच्या नावावर आहे, तेव्हा कंपनी तुला दाद देणार नाही. सरळ तुझ्या नावाने दुसरं कनेक्शन घे, शक्यतो वेगळ्या कंपनीचं, आणि मोबाइल नंबर तुझाच दे. नवा राउटर आला की सेटिंगच्या पानाचा पासवर्ड पहिला बदलायचा. वायफायचा वेगळा असतो, तोही बदलायचा, आणि दोन्ही एकच ठेवायचे नाहीत. बाहेरून चालवायची सोय बंद. बटण दाबून जोडायची सोय असते, तीही बंद. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढता येतं, ते काढ. पिटुकलीचा टॅब आणि तुझा फोन त्यानेच घेऊन दिलेले आहेत, ते जोडण्याआधी कुणा जाणत्याकडून तपासून घे. आणि जुना राउटर बंद केलास की त्याच क्षणी त्याला इकडे कळेल. म्हणून त्या दिवशी बहिणीला घरी बोलाव, एकटी राहू नकोस. नवा पासवर्ड मला सांगू नकोस. तो गोड बोलून विचारेल, आणि मी त्याची आई आहे.

त्याला मी टाकणार नाही, हेही तुला सांगून ठेवते. तो संध्याकाळी आला की त्याला गरम जेवायला घालणार. त्याच्या डोक्यात हे कुठून शिरलं ते मला समजून घ्यायचंय, कुणा डॉक्टरला दाखवायचंय, तो येईल असं वाटत नाही तरी. पण तुझ्या घराचा खटका त्याच्या हातात राहू देणार नाही.

आता ज्याच्यासाठी बसले होते ते लिहिते, मग पाकीट बंद करते. काल तो वकिलाकडे जाऊन आला. पिटुकलीचा ताबा मागणार आहे. तुझ्या घरी कोण येतं, किती वाजेपर्यंत थांबतं, तू कामात असताना पोरगी टॅबवर किती वेळ असते, सगळं त्याने उतरवून ठेवलंय आणि वकील खूश आहे म्हणतो. हे सगळं कुठून मिळालं ते मात्र वकिलाला सांगितलेलं नाही. तुला सावध करायचं होतं, आणि तुझ्या वकीलबाईंना द्यायला माझ्या सहीचं काहीतरी तुझ्या हातात असावं असं वाटलं. मी काय पाहिलं ते वर लिहिलंच आहे, त्यातला शब्दही मी मागे घेणार नाही. काल जेवताना त्याने मला विचारलं, “कोर्टात उभी राहशील ना, आई?” मी म्हटलं, राहीन. त्याचं समाधान झालं, पोटभर जेवला. कुणाच्या बाजूने, ते त्याने विचारलं नाही.

तुझीच,
आई