नळीवरचं गोत्र

परभणी, १२ सप्टेंबर २०२५

ती. सौ. सुमंगलावहिनीस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलता आलं नाही. व्यंकटदादा फोन स्पीकरवर टाकतो, मांडीवर ठेवतो आणि मध्ये मध्ये हूं म्हणतो. म्हणून पत्र.

सोबत एक डबी आहे. आत मऊ टोकाची एक काडी आणि एक नळी. आमच्या लॅबमध्ये ही तपासणी सुरू झाली आहे. बाईनं आपला नमुना आपणच घ्यायचा. डॉक्टर नाही, टेबल नाही. काडी योनीत घालायची, पाच वेळा फिरवायची, टोकाला हात न लावता नळीत ठेवून झाकण लावायचं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, तो यात दिसतो. रोग होण्याच्या कितीतरी वर्षं आधी दिसतो.

आईच्या वेळी आपल्याला कळलं तेव्हा डॉक्टर आपल्याशी बोलताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. तुम्ही बावन्न वर्षांच्या आहात. माझा नमुना मी दिला. दोन मिनिटं लागली.

माया आहे तशीच ठेवावी.
आपली नणंद,
मधुवंती


पोखर्णी, १७ सप्टेंबर

चि. सौ. मधुवंतीस,
अ. उ. आ.

डबी पोचली. दोन दिवस देवघरात ठेवली होती. टोकाला कुणी शिवू नये असं कागदावर होतं आणि आपल्या घरात अशी दुसरी जागा नाही. सकाळच्या पूजेत यांनी तिच्यावर एक फूल वाहिलं. विचारलं काही नाही.

फॉर्म यांच्याकडूनच भरून घेतला. गोत्राचा रकाना नव्हता, म्हणून यांनी गोत्र समासात लिहिलं आणि नळीवरही लिहिलं. तीस वर्षं नरसिंहाच्या देवळात अभिषेकाच्या पावत्या फाडल्या, आता हात थांबत नाही.

नळी बसच्या कंडक्टरजवळ देत आहे. नमुना छान झाला आहे. दोन मिनिटंही लागली नाहीत, असं छबू म्हणाली. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा वैजीनाथ ऊसतोडीला जातील. मग सहा महिने धुणं, झाडलोट, सगळं मलाच.

आम्हाला विसरू नकोस.
तुझी वहिनी,
सुमंगला


परभणी, ६ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

रिपोर्ट आला. विषाणू सापडला आहे. याचा अर्थ कर्करोग आहे असा नाही. आत बघावं लागेल, एवढाच आहे. सतरा तारखेला डॉ. सुकेशनी बघतील. काही दिसलं तर त्याच दिवशी शेक देतात, म्हणजे गरम टोकाच्या यंत्रानं तेवढीच खराब जागा जाळून टाकतात. भूल लागत नाही.

तुमच्या पत्रातलं 'असं छबू म्हणाली' मी तीनदा वाचलं. याचा खुलासा करावा.

काळजी करू नये, राग धरू नये.
मधुवंती


पोखर्णी, ९ ऑक्टोबर

चि. सौ. मधुवंतीस,
अ. उ. आ.

घाबरले नाही असं लिहिणार होते. खोटं झालं असतं. साड्यांच्या वाटण्या करायला घेतल्या आहेत. जांभळी इरकल तुझी.

आता छबूचं. काडी हातात घेतली आणि मला सासूबाईंचं शेवटचं अंथरूण दिसलं. मला जमलं नाही. गुडघा दुखतो तेव्हापासून माझ्या शनिवारच्या अकरा प्रदक्षिणा छबूच घालते, माझं नाव आणि गोत्र घेऊन. गुडघा पुष्कळ बरा आहे. अमेरिकेतले लोक यांच्याकडून नावानं अभिषेक करून घेतात, ते काही विमानानं येत नाहीत. म्हणून मी छबूला म्हटलं, हेही माझ्या नावानं करून टाक. तिनं हातातला झाडू ठेवला आणि न्हाणीत गेली.

रिपोर्ट आल्यावर मी यांना विचारलं, फळ कुणाला मिळतं. हे म्हणाले, ज्याच्या नावाचा संकल्प त्याला, पाणी ओतणाऱ्याला नाही. म्हणजे विषाणू माझा. छबूला सांगितलं तर तिनं मला जवसाची चटणी आणून दिली. म्हणाली, अक्का, तुमचं लय वंगाळ झालं.

मनात ठेवावं.
सुमंगला


परभणी, ११ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

विषाणूला गोत्र कळत नाही. काडी जिच्या अंगात फिरली, विषाणू तिचा. दाखवायचं छबूनं आहे. एकदा ती उसाच्या फडावर गेली की सहा महिने हाताला लागणार नाही. तिला सतरा तारखेला पाठवा.

तुमच्याबद्दल आपल्याला अजून काहीच माहीत नाही. साड्या परत कपाटात ठेवा. दादाला आणखी काही विचारू नका.

जपून असावं.
मधुवंती


पोखर्णी, १६ ऑक्टोबर

चि. सौ. मधुवंतीस,
अ. उ. आ.

चार दिवस छबूला सांगते आहे की दुखणं तुझं आहे. ती म्हणते, कागदावर नाव तुमचं, मी कशाला जाऊ, तुमीच जा. फार गोड बोलते आणि भांडी घासते.

शेवटी मी म्हटलं, माझा गुडघा धरला आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं आहे, माझ्या नावानं तू जाऊन ये. तिनं लगेच बस कितीची ते विचारलं.

हे पत्र तीच घेऊन येत आहे. तिला वाचता येतं, म्हणून पाकीट डिंकानं चिकटवलं आहे.

तिला उपाशी परत पाठवू नकोस.
सुमंगला


परभणी, १७ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

छबूला आत पांढरा डाग होता. शेक दिला. पंधरा मिनिटांत उठून तिनं चहा मागितला. वेळेवर आली, असं डॉक्टर म्हणाल्या. वर्षानं पुन्हा तपासायचं आणि महिनाभर नवऱ्याला लांब ठेवायचं. वैजीनाथला मी फोनवर सांगितलं आहे.

शेक देण्याआधी तिला आम्ही तीनदा समजावलं, की हे तुझं आहे, वहिनींचं नाही. तिसऱ्यांदा ती म्हणाली की पहिल्यांदाच समजलं होतं, चटणी दिली तेव्हाही समजलं होतं. काडी एकीच्या अंगात न् दुखणं दुसरीला, असं कुठं होत न्हाई. मग आढेवेढे कशाला, विचारलं. म्हणाली, अक्का भ्याल्या हायेत तोवर दवाखान्यात येतील. दुखणं माझं म्हनले की त्या सुटल्यावानी घरी बसतील. त्या निघाल्या असत्या तर पिशवी धरून मी संगं येणारच होते. पण त्या माझ्यापेक्षा हट्टी निघाल्या.

हे तुम्हाला सांगू नका म्हणाली. मी सांगते आहे. कागदावर तिनं स्वतःचं नाव लिहिलं आणि सही केली.

दुसरी डबी तिच्याबरोबर पाठवत आहे. जरुरीपेक्षा जास्त लिहीत नाही.

मधुवंती


पोखर्णी, २६ ऑक्टोबर

चि. सौ. मधुवंतीस,
अ. उ. आ.

छबूनं परत येताच यांना ओसरीवर गाठून सांगितलं की डॉक्टरीणबाईंनी अक्कांना महिनाभर लांब ठेवायला सांगितलंय. हे हूं म्हणाले आणि अंथरूण बाहेर नेलं. अजून बाहेरच आहे. तिनं हे मुद्दाम केलं, असं मला वाटतं.

काल पहाटे मुकादमाचा ट्रॅक्टर आला. छबू भांड्यांच्या पोत्यावर बसली होती. जाताना म्हणाली, शनिवारच्या प्रदक्षिणा आता तुमच्या तुमी बघा. मी तिच्या नावानं पाच घालणार आहे. तिचं गोत्र विचारायचं राहिलं.

घर फार शांत आहे. डबी आठ दिवस देवघरात होती. आज उचलली, दाराला कडी लावली, आणि कुणाला सांगावं म्हणून सवयीनं मागं पाहिलं. मीच होते.

नळी सोबत आहे. नाव मी लिहिलं आहे, अक्षर वाईट आहे. गोत्र लिहिलेलं नाही.

काय येईल ते मलाच कळव. पत्रानं.

तुझी,
सुमंगला