ऑक्सिजनचं मशीन घरी आलं

कोपर, डोंबिवली पश्चिम
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

ती. वन्संना मंदाकिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल घरात आलं ते असं: ऑक्सिजनचं मशीन ४३,०००, दुकानदाराने ४७,५०० सांगितले होते. स्टॅबिलायझर २,२००. नाकात लावायची नळी ३५०. एकूण ४५,५५०. आणि संध्याकाळी हॉस्पिटलातून हेही आले!

फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून लिहिते.

डॉक्टर म्हणाले, घरी मशीन असेल तरच सोडतो. भाड्याने घेतलं तर महिन्याला सहा हजार. आठ महिन्यांत मशीनची किंमत गेली आणि मशीन त्यांचंच. म्हणून विठ्ठलवाडीच्या दुकानातून विकतच घेतलं.

दुकानातला हितेश जोडायला आला होता. नवी वस्तू म्हणून मी मशीनला हळदकुंकू लावलं आणि निरांजन घेऊन ओवाळायला गेले, तर तो किंचाळलाच. "ओ काकू! दिवा लांब! भडका उडेल!"

तर हे पलंगावरून म्हणतात, "मला इतकी वर्षं ओवाळतेय, तेव्हा कुठे होतास रे?"

एका दमात बोलले, वन्सं. महिनाभर दोन शब्दांवर धाप लागत होती.

निरांजन आता स्वयंपाकघरात असतं.

पैसे कुठून आणले हे तुम्ही विचारणारच. देवीच्या चांदीच्या मुखवट्यासाठी सगळ्यांनी माझ्याकडे जमवलेले शेहेचाळीस हजार होते, ते. त्यात तुमचे पंधरा. कुणालाच विचारलं नाही. कौल लावल्याशिवाय त्या पैशांना हात लावायचा नाही, हे मला कळतं. मुद्दामच लावला नाही. डावीकडचं फूल पाडून देवी नाही म्हणाली असती तर? मशीन तर मी घेणारच होते. मग उगाच तिचा शब्द कशाला मोडायचा?

उरलेले ४५० तिच्याच डब्यात आहेत. चैत्रात माझी भिशी लागेल, तेव्हा पहिले तुमचे पंधरा भरेन.

आज सकाळी ह्यांनी नळी लावून आरती म्हटली, बसूनच, पण शेवटच्या कडव्यापर्यंत. मला मध्येच रडू आलं आणि मी थांबले. ते थांबले नाहीत.

वन्सं, मी चुकले असं मला वाटत नाही. देवीला वाटलं तर ती माझं बघून घेईल. तुम्ही रागवा, पण इथे येऊन, भावासमोर बसून रागवा. कधी येताय ते उलट टपाली कळवा.

तुमच्या प्रभाकरची,
मंदाकिनी