वरचा वजनगट

१२ ऑगस्ट
वजन करतानाच चक्कर आली! वजन उतरवायला दोन दिवस जॅकेट घालून पळत होतो, पोटात काही नाही. बॉक्सिंग शिकवणाऱ्या उस्तादांनी बाकावर झोपवलं. लढत हुकली. आबांना फोनवर सांगितलं – ताप आहे.

१३ ऑगस्ट
आई बाहेर गेली आणि डबे उघडले. चकल्या, लाडू, कालची खिचडी – थांबताच येईना. मग बाथरूम. नळ सोडला की उलटीचा आवाज बाहेर जात नाही असं वाटायचं. दार उघडलं तर अलकाताई उभी. तिने टॉवेल दिला.

१८ ऑगस्ट
ताई बँकेतून लवकर सुटली. मला हिमायतनगरला डॉक्टर पद्मावतींकडे नेलं. मी म्हटलं, हे मुलींना होतं ना? त्या म्हणाल्या, वजन पाहून खेळतात त्या खेळांत मुलांनाही होतं. आजार आहे, बरा होतो. तूर्त लढती बंद. वेळेवर जेवायचं, ताईसोबत.

२ सप्टेंबर
वाईट दिवस. भात पोटात दगडासारखा. ताई शेजारी बसून राहिली, ऑफिसातल्या गमती सांगत. हळूहळू उलटी करायची ओढ ओसरली.

२१ सप्टेंबर
आज आबांना सांगितलं. माझी पदकं बियाण्यांच्या दुकानात टांगणारे आबा! ओरडतील वाटलं. ते एवढंच म्हणाले, "मला वाटायचं, माझं पोरगं मेहनत करतंय." स्वतःचं ताट उचलून माझ्याजवळ येऊन बसले.

५ ऑक्टोबर
जेवलो. काही झालं नाही.

९ नोव्हेंबर
उस्ताद काचीगुड्याला घरी आले. तालमीतून माझं नाव कमी केलं असणार, या भीतीने मी आतच बसलो. चहा संपवून त्यांनी हाक मारली. "शिवराज, वजन नक्को घटाओ अब. ऊपर के गट में खेलो. हारे तो हारे." संध्याकाळी तालमीत सगळ्या पोरांसमोर बोलायला लावलं. उलट्यांसकट सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही.

१८ जानेवारी
हरलो. वरच्या गटातली पहिली लढत, डॉक्टरांच्या परवानगीने. सरळ हरलो, कारणं नाहीत. जिंकलेला ओमकार दुसऱ्या क्लबचा. हातावरच्या पट्ट्या सोडत माझ्याजवळ आला, आजूबाजूला पाहिलं, हळूच म्हणाला, "भाई, तुम्हारे बारे में सुना मैं. वो डॉक्टर मॅडम किधर बैठते?"